पाठीवरचा वारा

बोटीतल्या डोळस माणसाने सुकाणूला हात लावायचा नाही, हा अंध खलाशांच्या शर्यतींमधला पहिला नियम. शिडाच्या दोरीलाही नाही. दोन्ही गोष्टी ज्याला दिसत नाही त्याच्या हातात. ज्याला दिसतं त्याने शेजारी बसायचं आणि बोलायचं, बस्स. नियम वाचायला सोपा आहे. पण दुसरी बोट अंगावर येतेय आणि नवऱ्याचा हात भलतीकडे चाललाय, अशा वेळी आपला हात आवरून धरायचा म्हणजे काय, ते केतकीला विचारावं. पहिल्याच वर्षी एका शर्यतीत तिचा हात तिच्या नकळत पुढे गेला, सुकाणूच्या दांड्याला लागला आणि दोघं बाद झाली. तेव्हापासून बोटीत बसलं की ती दोन्ही हात मांड्यांखाली घालायची आणि चक्क त्यांच्यावर बसायची. दहा-बारा वर्षांत ही सवय इतकी मुरली की दाताच्या डॉक्टरकडे खुर्चीत बसली तरी तिचे हात आपसूक मांड्यांखाली जायचे.

सुमेध सुर्वे, म्हणजे तिचा नवरा, रत्नागिरीच्या कोर्टात वकिली करायचा. डोळ्यांच्या पडद्याच्या आजाराने त्याची दृष्टी पंधराव्या वर्षी गेली. तोवर तो मांडवीच्या समुद्रावर यथेच्छ हुंदडला होता. दृष्टी गेली ती गेली, समुद्र काही सुटला नाही. कोर्टात तो समोरच्याला तोंड उघडू द्यायचा नाही. बोटीत मात्र निमूट ऐकायचा, कारण बोटीत बोलायची ती केतकी.

तिचं हे काम सुरू झालं तेही अपघातानेच. लग्नाला महिनाही झाला नव्हता, सुमेधचा नेहमीचा साथीदार तापाने पडला आणि नवी नवरी त्याच्या जागी जाऊन बसली. तिला शिडाच्या बोटीतलं ओ की ठो कळत नव्हतं. आईची बसस्टँडजवळ खानावळ होती, त्यामुळे तिची सगळी समज शेगडीपाशी आलेली. उजव्या हाताला पाणी एकदम काळं पडून तडतडत पुढे येताना दिसलं, तशी ती ओरडली, "अरे, फोडणी येतेय फोडणी! उजवीकडून!"

सुमेधने बोट अशी काही फक्कड वळवली की तिची ओरड तिथेच हसण्यात बदलली. मग त्यांची भाषाच ठरून गेली. गुळगुळीत, वाऱ्याचं नाव नसलेलं पाणी म्हणजे साय. हलकी झुळूक म्हणजे वाफ. जोराचा झोत म्हणजे फोडणी. आणि सगळीकडूनच धुमाकूळ सुरू झाला की ती म्हणायची, "उतू चाललंय, सांभाळ!" शेजारच्या बोटींवरचे लोक हे ऐकून हसायचे. हसता हसता मागेही पडायचे.

मग फरीदा आली.

डॉक्टर फरीदा मुकादम मूळची राजिवड्याची, सुमेधच्या धाकट्या बहिणीची वर्गमैत्रीण, आता पुण्याच्या एका प्रयोगशाळेत. २०४३ सालच्या पावसाळ्यानंतर ती एक लहानसा डबा आणि एक काळं जॅकेट घेऊन त्यांच्या घरी आली आणि चहाचा कप हातात घ्यायच्या आधीच समजावून सांगायला लागली.

समुद्रावरची हवा कधीच रिकामी नसते, असं तिचं म्हणणं. तिच्यात मिठाचे, धुळीचे डोळ्यांना न दिसणारे कण असतात आणि ते वाऱ्याबरोबर वाहत असतात. डोलकाठीच्या टोकावर बसवलेल्या त्या डब्यातून लेसरचा अदृश्य किरण निघतो, चहूकडे फिरतो, त्या कणांवर आपटून थोडासा परत येतो. गाडी आपल्याकडे येत असेल तर तिची शिट्टी चढी ऐकू येते, दूर जात असेल तर उतरते. प्रकाशाचंही तसंच होतं. परत आलेला किरण किती चढला, किती उतरला, यावरून पाच-सहाशे मीटरवरचा वारा किती वेगाने कुठे चाललाय ते यंत्राला कळतं. जॅकेटच्या अस्तरात ज्वारीच्या दाण्याएवढी काही शे थरथरणारी यंत्रं शिवलेली. यंत्र तो वारा त्या दाण्यांनी पाठीवर काढून दाखवतं. उजवीकडचा वारा उजव्या खांद्यावर, समोरचा मानेखाली. दुसऱ्या बोटी कमरेच्या पट्ट्यावर कळतात. आणि पाठीवर उमटलेला वारा शिडापर्यंत पोचायला अजून वेळ असतो.

"म्हणजे येणारा वारा मला आधी कळणार," सुमेध म्हणाला.

"कळणार नाही, दिसणार," फरीदा म्हणाली. "सुरुवातीला नुसत्या मुंग्या येतील. पण डोकं शिकतं, दादा. डोळे गेलेल्यांच्या मेंदूत पाहण्याचा जो भाग असतो, तो काही हातावर हात धरून बसत नाही. त्याला दुसरं काम दिलं की तो करतो. आणि वैनी, तुम्हाला आता बोलून बोलून घसा बसवायला नको."

"माझा घसा बसलेला कुणी ऐकलाय?" केतकीने विचारलं.

"मी तरी नाही," सुमेध म्हणाला, आणि तिने त्याला कोपराने ढोसलं.

महिनाभर त्याच्या पाठीला खरोखरच मुंग्या आल्या. मग एका संध्याकाळी मांडवीच्या जेट्टीजवळ बोट हळूहळू चालली असताना तो एकदम ताठ झाला. "केतकी, रत्नदुर्गाच्या टेकडीवरून वारा खाली सांडतोय. सांडतोय आणि पसरतोय. अगं, केवढा आहे!" तिने टेकडीखालच्या पाण्याकडे पाहिलं. तिथे काहीच नव्हतं. बऱ्याच वेळाने तिथलं पाणी सुरकुतलं, काळं पडलं आणि तो म्हणाला होता तसंच्या तसं पसरलं. सुमेधचे डोळे भरून आले होते. तीस वर्षांनी त्याला लांबचं काही दिसलं होतं. तीही त्याच्याबरोबर हसली, अगदी मनापासून हसली. आणि घरी चालत जाताना तिला वाटलं, आता यात माझं काय? असं वाटल्याची तिला लाज वाटली, पण प्रश्न काही गेला नाही.

उत्तर शर्यत भरवणाऱ्यांनीच देऊन टाकलं. असली जॅकेटं देशोदेशी निघाली होती. पुढच्या हंगामापासून अंध खलाशांनी एकट्याने बोट चालवायची, शेजारी बसणाऱ्या डोळस वाटाड्याची बैठक बोटीतून काढून टाकायची, असं ठरलं. आशियाई स्पर्धाही तशीच होणार होती. तिच्यासाठी देशातून एकाची निवड करायच्या शर्यती जानेवारीत मांडवीलाच ठेवल्या. एवढ्या शर्यतींपुरती मुभा होती, हवं तर एकटे या, हवं तर जोडीने.

कोचीचा बिजू एकटा आला. चेन्नईची सेल्वीही एकटी. सुमेध म्हणाला, "आपण जोडीने जाऊ. मला अजून जॅकेटचा पुरता अंदाज नाही."

"माझं वजन उगाच बोटीत," केतकी म्हणाली.

"ते मी लग्नापासून वाहतोय," तो म्हणाला. ती चिडल्यासारखं दाखवत राहिली, पण तिला बरं वाटलं.

शर्यती सुरू झाल्या आणि सुमेध मागे पडायला लागला. फार नाही, एखाद्या बोटीच्या अंतराने, कधी दोन. पण प्रत्येक वेळी. वारा आला की बिजूची बोट आधीच वळलेली असायची आणि सुमेधची त्याच्या मागोमाग. फरीदा जेट्टीवर जॅकेट उलटंसुलटं करून तपासत होती.

"वैनी, यात काही बिघाड नाही," ती केतकीला बाजूला घेऊन म्हणाली. "वारा वेळेवर उमटतोय. तरी दादाचं सुकाणू उशिराच वळतंय. मला बोलवत नाही, पण वयाचा तर परिणाम नसेल?"

"त्याच्यासमोर वयाचं काढू नकोस, दावा लावेल तुझ्यावर," केतकी म्हणाली. पण तिलाही काळजी वाटली. शेहेचाळीस वर्षांच्या माणसाला पुन्हा कोण संधी देणार होतं?

दुसऱ्या दिवशी सकाळचा, जमिनीवरून वाहणारा मतलई वारा पडला होता आणि समुद्रावरून येणारा खारा वारा अजून उठायचा होता. मधल्या वेळेत पाण्यावर साय धरली होती आणि शर्यतीतल्या बोटी आपापल्या जागी डुलत होत्या. केतकीच्या हातांना मुंग्या आल्या. तिने एक हात मांडीखालून काढला, झटकला आणि सहज सुमेधच्या पाठीवर ठेवला. नवऱ्याच्या पाठीला हात लावू नये असा काही नियम नव्हता.

जॅकेटच्या आत दाणे जागे झाले. झाकणावर हात ठेवला की आतली उकळी कळते, तसं तिला कळलं. उजव्या खांद्यापासून थरथर निघाली आणि मणक्याकडे सरकत आली. तिने समोर पाहिलं. पाणी अजून गुळगुळीतच होतं. तिने सुकाणूकडे पाहिलं. सुमेधचा हात स्थिर होता. थरथर वाढत गेली, हात स्थिरच. मग लांबवर पाण्यावर काळी रेघ दिसली, ती सवयीने म्हणाली, "फोडणी, उजवीकडून," आणि त्याच क्षणी सुकाणू वळलं.

एकदा योगायोग असू शकतो. पुढच्या झोताला तिने मुद्दाम तोंड मिटून धरलं. पाठीवर दाणे नाचत होते. काळी रेघ जवळ आली, आणखी जवळ आली. सुमेधचे खांदे वर चढले, दांड्यावरची बोटं पांढरी पडली, पण हात हलला नाही. त्याला सगळं कळत होतं आणि तो थांबला होता. तिच्यासाठी थांबला होता. शेवटी तिला राहवलं नाही. "फोडणी," ती पुटपुटली. त्याने श्वास सोडला आणि बोट वळवली. बिजू तोवर पुढे गेला होता.

तिला आधी रडू आलं, मग राग आला आणि मग दोन्ही एकदम आलं. बोटीत ते त्याला दिसायचा प्रश्नच नव्हता.

संध्याकाळी जेवताना सुमेध म्हणाला, "आज तुझं सांगणं अगदी चोख होतं हं. मीच कुठेतरी कमी पडतोय."

खोटारडा, केतकी मनात म्हणाली आणि त्याच्या वाटीत आणखी आमटी वाढली. इतक्या वर्षांत तिच्याशी कुणी इतकं गोड खोटं बोललं नव्हतं. गप्प राहणं किती सोपं होतं! उद्या शेवटची शर्यत, तिला गुण दुप्पट. ती शर्यत हरली की बिजू जाईल आशियाईला, सुमेध चार दिवस हळहळेल आणि मग तिच्या शेजारी घरात बसून जुन्या शर्यतींच्या गप्पा मारेल. जिंकली, तर तो समुद्रात पुढे जाणार आणि ती जेट्टीवर उभी राहणार. तिला तो शेजारी हवा होता. तिने ते स्वतःपासून लपवलं नाही. पण त्या संध्याकाळी वारा दिसला तेव्हाचा त्याचा चेहराही तिने पाहिला होता, आणि तो तिला विसरता येईना.

तिने त्याला काही सांगितलं नाही. सांगितलं असतं तर त्याने वाद घातला असता, आणि वादात सुमेध सुर्वे आजवर कुणाला हरला नव्हता.

शेवटच्या शर्यतीला खारा वारा चांगला उठला होता. टेकडीच्या आडोशाने तो तुटून तुटून येत होता, कुठे साय, कुठे फोडणी. भोंगा वाजला आणि बोटी सुटल्या. केतकी हातांवर बसली. पहिला झोत टेकडीखालून निघालेला तिला दिसला. ती काही बोलली नाही.

"केतकी?" सुमेध म्हणाला.

ती गप्प.

"केतकी, काय दिसतंय?"

"समुद्र दिसतोय."

"अगं, वारा!"

"वाऱ्याचं मी आज काही सांगणार नाहीये," ती म्हणाली. "तुझ्या पाठीला विचार. तिला माझ्याआधी कळतं. आणि तुलाही कळतं, लबाडा."

शीड फडफडलं. एक बोट बाजूने पुढे गेली, मग दुसरी. तिने दात घट्ट आवळले. आयुष्यात ती इतकी गप्प कधीच बसली नव्हती, आईच्या खानावळीतही नाही.

"चिडलीस?" त्याने हळूच विचारलं.

"हो. वळव आता."

त्याने बोट वळवली. पाण्यावर कुठेही काही नव्हतं, आणि तिला क्षणभर वाटलं, चुकला हा. मग वारा आला तो थेट त्यांच्या शिडात आला, जणू वेळ ठरवून आलेला. बोट कलली आणि धावायला लागली. पुढचा झोत त्याने तसाच गाठला, त्याच्या पुढचाही. आता तो तिच्याकडे कान लावून नव्हता. मान किंचित पुढे, तोंड अर्धवट उघडं, पंधरा वर्षांच्या मुलासारखा तो वारा बघत होता. तरंगत्या बोयाला वळसा घालताना त्यांनी सेल्वीला मागे टाकलं, टेकडीच्या आडोशातून बाहेर पडताना बिजूला. शेवटच्या टप्प्यात त्यांच्यापुढे एकही बोट नव्हती. तिथे केतकीला इतकं ओरडावंसं वाटलं की तिने ओठ चावला.

जेट्टीवर फरीदाने आरडाओरडा केला, मिठ्या मारल्या आणि ती निवड समितीकडे धावली. गुणांची बेरीज झाली आणि सुमेधचं नाव पुकारलं गेलं. मग गर्दी पांगली. दोघं जेट्टीच्या कठड्यावर पाय सोडून बसली.

"तुला कसं कळलं?" त्याने विचारलं.

"पाठीवर हात ठेवला होता ना मी."

"मला वाटलं, लाडात आलीस."

"तेही होतंच थोडं," ती म्हणाली. "का थांबायचास रे?"

वकील असून त्याला वाक्य जुळवता येईना. "जॅकेट वारा सांगतं," तो शेवटी म्हणाला. "फोडणी म्हणत नाही. मला तुझं ऐकल्याशिवाय वळवावंसंच वाटायचं नाही. वाटायचं, आज न ऐकता वळलो की संपलं. उद्यापासून तू बोलणारच नाहीस."

"म्हणून हरत होतास?"

"हरत नव्हतो गं. थोडा उशीर करत होतो."

केतकी हसली आणि तिने डोळे पुसले. "मला तुझं फार वाईट वाटलं, आणि फार बरंही वाटलं," ती म्हणाली. "पण एक सांगते. एवढी सगळी वर्षं त्या बोटीत माझे हात कुठे असायचे, माहितीये तुला?"

"कुठे म्हणजे? तुझ्याजवळ."

"मांड्यांखाली. त्यांच्यावर बसायचे मी. दांड्याकडे जायचे ते, ऐकायचेच नाहीत."

सुमेधने मान तिच्याकडे वळवली. हे त्याला ठाऊकच नव्हतं. तिने कधी सांगितलं नव्हतं आणि त्याला कधी दिसलं नव्हतं. तिचा हात त्याने चाचपून हातात घेतला आणि तळव्याच्या मागच्या बाजूवरून, जिथे बैठकीच्या खरखरीत फळीने कातडं जाड झालं होतं, तिथून अंगठा फिरवला. कितीदा तरी हा हात त्याने धरला होता. हे घट्टे शेगडीपाशी काम करून पडलेत असं त्याला वाटायचं.

"चल," तो उठत म्हणाला.

"कुठे?"

"बैठक उद्या काढणार आहेत ना? आज आहे."

बोट जेट्टीला बांधलेलीच होती. उन्हं उतरली होती, खारा वारा मवाळ झाला होता. सुमेध अंगातलं जॅकेट न काढताच आधी उतरला आणि चाचपत चाचपत डाव्या बाजूच्या बैठकीवर, तिच्या जागेवर, जाऊन बसला. केतकी सुकाणूपाशी उभी राहिली. दांडा तिने इतकी वर्षं इतक्या जवळून पाहिला होता की त्यावरची प्रत्येक चीर तिला पाठ होती. धरला मात्र कधी नव्हता. तो वाटला होता त्यापेक्षा हलका होता आणि हातात जिवंत असल्यासारखा हलत होता.

"मला जमणार नाही," ती म्हणाली.

"मलाही जमत नव्हतं. मला एक बाई भेटली, ती ओरडून ओरडून सांगायची."

ती निघाली. बोट भलतीकडे गेली, शीड फडफडलं, तिने दांडा ओढला तर बोट गोलच फिरली. जेट्टीवरून फरीदा जोरजोरात हसत होती. बोट कशीबशी सरळ झाली, मग जरा धावली. अरे, हे असं असतं होय! ती मोठ्याने हसली.

"वाफ आहे डावीकडे," सुमेध म्हणाला. "टेकडीपाशी साय धरलीय, तिकडे जाऊ नकोस. आणि लांब, उजवीकडे... थांब हं... फोडणी येतेय. मोठी आहे."

तिने उजवीकडे पाहिलं. पाण्यावर अजून काहीही नव्हतं. घाबरून तिने दांडा जरा जास्तच वळवला, बोट कलंडली, दोघांच्याही अंगावर पाणी उडालं. ती त्याच्याकडे वळली. आता हा झेपावणार आणि दांडा धरणार, असं तिला वाटलं.

तो हलला नाही. त्याचे दोन्ही हात मांड्यांखाली होते.

"सोडव की रे!" ती ओरडली.

"नियम आहे," तो म्हणाला. "वळव, केतकी. आली ती."

तिने बोट वळवली.